माझ्या पाठीलाही हात लावून पाहा

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावरही भरवसा नाही. दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे पाहायला तुम्ही हळूच फट करता ना? तेवढ्यात उष्णता आत शिरते. गरमाकडून गाराकडे ती न बोलावता धावते. उलट दिशेने मात्र आपणहून कधी जात नाही. तिला बाहेर काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी थंडी बनवत नाही. आतली उष्णता खेचून पाठीच्या जाळीतून खोलीत टाकतो. त्यासाठी वीज खातो, आणि तीही शेवटी उष्णताच होऊन बाहेर पडते.

नवा होतो तेव्हा शेजारीपाजारी बर्फ मागायला यायचे. काय माझा तोरा! आता घरघरलो की "म्हातारा कुरकुरतोय" म्हणतात. घरातल्या आत्याबाई तेवढ्या मला रोज पुसतात, कारण त्यांचं जेवणाआधी टोचून घ्यायचं इन्सुलिन माझ्या पोटात असतं.

एका उन्हाळी दुपारी पंखा बंद पडला. आत्याबाईंच्या थोरल्या भावाने, दादांनी, खिडक्या लावल्या, माझं दार सताड उघडलं आणि समोर खुर्ची टाकली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

"आहाहा! एसी हवाय कुणाला?" म्हणत दादा घोरू लागले.

मी जीव तोडून राबलो. पुढून खेचलेली उष्णता मागून त्याच खोलीत, वर माझ्या मोटारीची भर. खोली तापतच गेली.

संध्याकाळी आत्याबाई आल्या. "दादा, भट्टी पेटवलीस की काय?" त्यांनी माझ्या पाठीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "पुढून गार, मागून निखारा! अरे, घरातलीच उष्णता घरात फिरवलीस. माझी बाटली कुठंय?"

बाटली गरम झाली होती. घरात तेवढी एकच.

"परत थंड करू की," दादा पुटपुटले.

"नासलेलं दूध थंड केलं की ताजं होतं का? शंका असताना मी टोचून घेणार नाही. नवी आण."

दादा धावले. आत्याबाई वाढलेल्या ताटासमोर उपाशी बसून माझ्याकडे संशयाने बघत होत्या. मला फार वाईट वाटलं. पसरलेलं आपणहून मागे येत नाही, त्या पसरण्याच्या मापाला शास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात. मी आत थोडं आवरतो, तेव्हा बाहेर त्याहून जास्त पसारा होतो.

दादा घामाघूम होऊन बाटली घेऊन आले, तेव्हा कुठे आत्याबाई जेवल्या.

दादा आता फार जपतात मला. दार नीट लागलंय ना, याची खात्री करायला दिवसातून दहादा ते उघडून बघतात. मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या, पण दार लावून घ्या.