बसून घेतलेलं माप

मोठ्या डॉक्टरांनी माझा कागद वर धरला आणि म्हणाले, "आजी, जिना चढताना दुखणं शून्य! तुमच्यासारखा गुण कुणालाच आलेला नाही."

आजी म्हणे! त्यांच्याहून मी फार तर चार वर्षांनी मोठी असेन. पण माझं डोकं फिरलं ते त्या शून्यामुळे.

चाळीस वर्षं मी पायमशीन चालवून कपडे शिवले. त्यात दोन्ही गुडघ्यांची वाट लागली. झिजलेल्या गुडघ्यांसाठी नवं इंजेक्शन शोधतायत, त्याची परीक्षा घ्यायला माणसं हवीत, असं कळलं तेव्हा मी लगेच नाव दिलं. सहा महिने, दर महिन्याला या इस्पितळात यायचं, सुई टोचून घ्यायची आणि खुर्चीत बसून प्रश्नांना आकडे द्यायचे. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव जाईल असं. प्रश्न विचारणारी पोरगी गोड होती. मी तिला कागदवाली म्हणायचे, ती मला मावशी.

"मावशी, या आठवड्यात जिना चढताना किती दुखलं?"

"शून्य."

खोटं कुठे बोलले? जिना चढलेच नव्हते! माझं दुकान तळमजल्यावर, घर वर, मध्ये अठरा पायऱ्या. चार महिन्यांपूर्वी मी दुकानातच अंथरूण टाकलं. धाकटी बहीण वरून जेवण आणते आणि कापायच्या टेबलावर ठेवते. माझा पलंग, माझं कपाट, माझी खिडकी सगळं वर. मी खाली चिंध्यांत. कुणी विचारलं नाही, मीही आपणहून सांगितलं नाही. तेवढं चुकलं माझं.

"तर तुम्ही बऱ्या झालात," डॉक्टर म्हणाले. "ज्यांना गुण आला नाही, त्यांना पुढच्या महिन्यापासून दुसरं औषध देऊन बघणार आहोत. तुम्हाला आता यायची गरज नाही."

म्हणजे कागदावर मी बरी, आणि जन्मभर दुकानात.

"थांबा," मी म्हटलं. "चार महिन्यांत मी एक पायरी चढलेली नाही."

कागदवालीचं पेन जागच्या जागी थांबलं. डॉक्टर हसले. "प्रश्न नीट कळला नसेल तुम्हाला. वयामुळे होतं असं."

पुढच्या आठवड्यात ते चारचौघांत निकाल सांगणार होते. गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते बिचारे, आणि गुडघा होता माझा!

"डॉक्टर, माझी अक्कल गुडघ्यातच आहे असं समजा. म्हणून तर गुडघ्याचं मला तुमच्याहून जास्त कळतं. चला, जिन्याकडे."

"अहो, लिफ्ट आहे की!"

"लिफ्टचे गुडघे दुखत नाहीत."

मी निघाले. कागदवालीनं एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, मग कागद घेऊन माझ्यामागे आली. "मावशी, हात धरू?"

"पेन धर."

पहिल्या पायरीला मी म्हटलं, "पाच." तिसरीला सात. सहाव्या पायरीवर कठडा दोन्ही हातांनी आवळला, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ओरडले, "नऊ!"

खाली बाकांवर नंबर लावून बसलेली माणसं उठून बघायला लागली. त्यांच्यातले एक निवृत्त बस कंडक्टर काठी टेकत पुढे आले. "अहो, मीसुद्धा लिफ्टनंच येतो," ते म्हणाले. "आणि शून्यच सांगतो."

मागोमाग आलेल्या डॉक्टरांचा चेहरा पडला. "उतरा, पुरे झालं," ते हळूच म्हणाले. "अशानं औषध नापास होईल आमचं."

"होऊ दे. खोट्या मार्कांनी पास होऊन कुणाचा गुडघा बरा होणार आहे?" मला धाप लागली होती, पण गप्प बसवेना. "चाळीस वर्षांत बसलेल्या माणसाचं माप मी कधी घेतलं नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आधी उभं करते. तुम्ही सहा महिने माझं माप खुर्चीत बसवून घेतलंत, आणि आता म्हणता कपडा अंगाला बसला."

कागदवालीनं कागद भिंतीवर टेकवला, शून्यावर रेघ मारली, शेजारी नऊ लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. कंडक्टरांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "पोरी, माझंही लिही," ते म्हणाले.

वर अजून पाच पायऱ्या होत्या. मी पुढची चढले.

"दहा," मी म्हटलं. "खोड तो नऊ."