एक मूल कमी

गोवराची साथ पलीकडच्या वस्तीपर्यंत येऊन ठेपली होती, आणि माझी नऊ महिन्यांची कन्या दवाखान्याच्या बाकावर, माझ्या मांडीवर बसून निश्चिंतपणे अंगठा चोखीत होती. परिचारिकाबाईंनी शीतपेटीतील लसीची एकुलती एक कुपी दाखविली आणि तितक्याच जपून परत ठेवली.

"दादा, ही एकदा उघडली की आजच संपवावी लागते. उरेल ती वाया. पूर्वी एका लेकरासाठीही उघडायचो. आता परदेशातली मदत थांबली, पुढची कधी येईल देव जाणे. पाच तरी मुलं जमल्याशिवाय हात लावू नका, असा वरून हुकूम आहे."

बाकावर चार मुले होती. पाचवे कोठे आहे, हे मी जाणून होतो.

माझे व धाकट्या बंधूचे सायकलदुरुस्तीचे काम एकाच गाळ्यात चालते. मधोमध पत्रा ठोकलेला आहे. वडिलांच्या पश्चात हवा भरण्याच्या पंपावरून आमचे बिनसले, तेव्हापासून अबोला. त्याच्या पुत्राचे मुख मी केवळ दुरून पाहिले होते.

कन्येस कडेवर घेऊन मी गाळ्यात गेलो व पत्रा वाजविला.

"कोण मेलं?" पलीकडून आवाज आला.

"कोणी मरू नये म्हणून आलोय. पोराला गोवराची लस दिलीस?"

"परवा नेला होता. मुलं कमी म्हणून परत पाठवलं."

"आज तो आला तर उघडतील. एकच कमी पडतंय."

पान्ह्याचा आवाज थांबला.

"म्हणजे भाऊसाहेबांचं माझ्यावाचून अडलं तर."

"अडलं," मी म्हणालो.

थोड्याच वेळात तो हात पुसत, पुत्रास खांद्याशी धरून बाहेर आला.

"पंप मात्र मिळणार नाही."

"मागितला कोणी?"

दवाखान्यात कुपी उघडली गेली. ती वार्ता कानोकानी पसरून आणखी काही माता लगबगीने येऊ लागल्या. माझ्या कन्येची पाळी आली, तेव्हा सुई पाहून माझेच डोळे मिटले.

"दे इकडे. लहानपणीही तूच पळायचास," असे म्हणून बंधूने तिला आपल्या मांडीवर घेतले आणि स्वतःचा पुत्र माझ्या हाती दिला.

कन्या रडली, थोडीच. मग काकाच्या तेलकट सदऱ्याचा काठ मुठीत धरून तिथेच झोपी गेली. ती मूठ सोडविण्याची घाई आम्हा दोघांपैकी कोणीही केली नाही.