बटाट्याच्या बुटाची नाडी

लेक दर उन्हाळ्यात चर्चच्या मंडळींबरोबर परदेशात मुलांच्या शिबिराला जायची. यंदा स्वयंपाकघरात हात कमी पडत होते, म्हणून तिने मलाही नेलं. "फिरायला नाही हं, आई. बटाटे सोलायला," असं घरातून निघायच्या आधीच बजावलं.

तळ्याकाठी लाकडी खोल्या, मध्ये प्रार्थनेचं सभागृह, मागे स्वयंपाकघर. मुलं बालगृहांतली. कुणाला आईबाप नव्हते, कुणाचे असून नसल्यासारखे. तिथली भाषा लेकीला येते, मला नाही. आचारी आणि मी हातवाऱ्यांवर भागवायचो.

त्या मुलांत एक बहीण-भाऊ होते. मुलींचं बालगृह एका गावात, मुलग्यांचं दुसऱ्यात, त्यामुळे दोघांची भेट व्हायची ती वर्षातून एकदा, इथेच. भाऊ लहान, गोल तोंडाचा, सदा माझ्या बटाट्यांच्या पोत्यावर येऊन बसायचा. मी त्याला बटाट्या म्हणायचे, तोही ओ द्यायचा. जेवण झालं की तो स्वयंपाकघराच्या पायरीवर पाय पुढे करून बसे आणि बहीण खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधी. सावकाश, एकेक पदर ओढून. तिच्या वयाच्या मुली होड्यांकडे पळालेल्या असायच्या. ही हलायची नाही.

"बघितलंस ना?" लेक भांडी पुसता पुसता म्हणाली. "एवढीशी पोर आणि आईपण करतेय. एकदाही होडीत बसली नाही. पुढच्या वर्षी दोघांना वेगवेगळ्या आठवड्यात बोलवायचं. आज संध्याकाळी बैठकीत मांडणार आहे. चर्चच्या पाळकसाहेबांना पटलंय."

"मग ती दोघं भेटणार कधी?"

"आई, तिला खेळू दे ना जरा. तिच्या भल्यासाठीच चाललंय."

भल्यासाठीच चाललं होतं, ते मलाही दिसत होतं. मी पुढचा बटाटा सोलायला घेतला.

दुपारी सालं टाकायला मागे गेले. पाण्याच्या टाकीआड बटाट्या एकटाच होता. पळताना त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. तो खाली बसला, दोन फास केले, एकातून एक ओवला आणि ओढला. माझ्यापेक्षा बरी गाठ. मग बहिणीची हाक आली. त्याने झटकन गाठ सोडली, दुसऱ्या बुटाचीही सोडली, आणि नाड्या फरफटत पायरीकडे निघाला. वाटेत मी दिसले, तसा जागीच थांबला. मी बादली उचलली आणि दुसरीकडे बघत राहिले. तो पायरीवर जाऊन बसला, पाय पुढे केले.

बैठकीला जायच्या आधी लेक ओटा पुसत होती, तेव्हा तिला सांगितलं.

"म्हणजे त्याला येतं?" ती म्हणाली. "लबाड आहे की. मग तर प्रश्नच मिटला. तिला सांगते, तुझा भाऊ मोठा झालाय, जा आता होडीत."

"सांगू नकोस."

"का पण?"

"तू शाळेत होतीस तेव्हा रोज रात्री मला पवित्र शास्त्र वाचून दाखवायचीस. आठवतं?"

"आठवतं की. तुला वाचता येत नव्हतं."

"तेव्हाच्या पाळकांच्या बायकोने शिकवलं होतं मला. तू आठवीत गेलीस तेव्हा मला सगळं वाचता येत होतं."

तिचा हात फडक्यावरच राहिला. "मी तर कॉलेजला जाईपर्यंत वाचत होते, आई."

"हो."

"परीक्षा असली तरी वाचायचे. झोप यायची मला."

"एरवी कुठे बसायचीस तू माझ्याजवळ? शाळेतून आलीस की दप्तर टाकून बाहेर. तेवढाच वेळ मांडीला मांडी लावून बसायचीस."

"कमाल आहे तुझी," ती म्हणाली. रागावली होती की काय, कळलं नाही. फडकं खुंटीला अडकवून तशीच बैठकीला गेली.

मी खोलीत येऊन बसले. दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टीत आपण नाक खुपसलं, आणि वर स्वतःचंही बिंग फोडलं, असं वाटत राहिलं.

ती आली, चपला काढल्या, पलंगावर बसली.

"एकाच आठवड्यात," ती म्हणाली. "पाळकसाहेब म्हणाले, सकाळी तर उलटं बोलत होतीस. मी म्हटलं, सकाळी माझी आई बोलली नव्हती."

"आणि होडी?"

"उद्या दोघांना एकाच होडीत बसवणार. त्याच्या मापाचं लाइफ जाकीट शोधायला हवं." मग म्हणाली, "बूट काढूनच बसायचं असतं होडीत. उतरल्यावर पुन्हा नाड्या बांधाव्या लागतील."

"लागतील की."

तिने उशाचं बायबल घेतलं, खूण ठेवलेलं पान उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू वाचतेस, की मी वाचू?"

"तूच वाच," मी म्हटलं. "माझा चष्मा सापडत नाहीये."

चष्मा माझ्या गळ्यात लटकत होता. तिने तो बघितला, जवळ सरकली आणि वाचायला लागली.