पुढच्या लारीच्या पिचकाऱ्या

पुढच्या लारीच्या सोमाजी ड्रायव्हरला या व्यवहारात काय राखायचं होतं ते आधी मांडून घेऊ. आलापल्लीपासून बल्लारशापर्यंत स्वच्छ हवा. पुढे जाणाऱ्या लारीचा ड्रायव्हर जंगलातली लाल धूळ मागे सोडतो, मागचा ती खात येतो. लाकडाच्या डेपोत पहिली भरणी पुढच्या लारीची, रेल्वेच्या यार्डात पहिली उतरणीही तिचीच. आष्टीचा हॉटेलवाला ‘या सोमाजीभाऊ’ म्हणून बाक पुसायचा आणि मागून आलेल्या लटारूकडे नुसती मान हलवायचा. एवढंच. पण एवढ्यासाठी माणूस काय काय करतो, ते ज्यांच्या घरात दोन जावा नांदतात त्यांना सांगायला नको.

गुणवंतराव लाकडाचे ठेकेदार. छप्पन साली त्यांनी पेट्रोलच्या जुन्या गाड्या विकून डिझेलच्या दोन लाऱ्या घेतल्या. एक जुन्या सोमाजीला दिली, दुसरी लटारूला. लटारू वयानं लहान, बल्लारशाच्या कोळशाच्या खाणीत पंपाच्या इंजिनावर काम करून आलेला, बोलायला कमी. सोमाजीच्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष होता. बोलणाऱ्याच्या मनातलं निदान कळतं तरी.

दोन वर्षांत दोन्ही लाऱ्यांच्या पिचकाऱ्या झिजल्या. इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारं जे वीतभर लोखंडी यंत्र, त्याला नागपूरचे लोक इंजेक्टर म्हणत. आलापल्लीत ती पिचकारी. चांगली पिचकारी धुक्यासारखं डिझेल उडवते. झिजलेली टपटप गळते, मग गाडी काळा धूर ओकते आणि चढावर दम सोडते. आणि चढ तर होताच. आष्टीजवळ वैनगंगेच्या कोरड्या पात्रातून उन्हाळी रस्ता जायचा. पात्रातून वर काढणारी दरड अशी उभी, की भरलेली लारी तिथे देवाचं नाव घ्यायची.

गुणवंतरावांनी नागपूरहून जास्त भोकांच्या, बारीक फवाऱ्याच्या नव्या पिचकाऱ्या मागवल्या. पुडकं आलं, ते एकच. एका गाडीपुरतं. कोणाच्या गाडीपुरतं, ते मालक बोलेनात. दोन ड्रायव्हरांत भांडण नको, म्हणून त्यांनी पत्रू मिस्त्रीलाही दम भरला होता, “कोनालेच सांगू नको. दोघायच्या पिचकाऱ्या करून राह्यलो, एवढंच म्हन.”

सोमाजीचं जेवण उडालं.

“तुमचंच असन ना पुडकं,” त्याची बायको सुगंधाबाई म्हणाली. “तुमी पुढचे.”

“मंग शेट बोलत काऊन नाई? माझं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. परवा लटारूच्या खांद्यावर हात ठेवून हासून राह्यले होते. मह्या खांद्यावर कधी ठेवला?”

“तुमचा खांदा तेलकट राह्यते.”

“त्याचा काय चंदनाचा हाये?”

पिचकाऱ्या बदलायचा दिवस उजाडला. आता आलापल्लीच्या ड्रायव्हरांची एक रीत होती. मिस्त्रीनं वापरातल्या पिचकाऱ्या उघडायच्या, धुवायच्या, तपासायच्या. पण गाडीत बसवायच्या त्या ज्याच्या त्या ड्रायव्हरनं, नारळ फोडून, स्वतःच्या हातानं. दुसऱ्यानं बसवलेल्या पिचकारीवर भरवसा ठेवणारा ड्रायव्हर त्या भागात नव्हता. पत्रूनं दोन्ही गाड्यांपुढे एकेक पोतं अंथरलं, त्यावर ज्याच्या त्याच्या सहा पिचकाऱ्या मांडल्या आणि तो घरी जेवायला गेला. लटारू आपल्या पोत्यावर एक नजर टाकून नारळ आणायला दुकानाकडे गेला.

सोमाजी एकटा उरला. त्यानं आपलं पोतं पाहिलं. सहा पिचकाऱ्या, काळ्या चिकट ग्रीसमध्ये लडबडलेल्या, मेणकागदात अर्धवट गुंडाळलेल्या. मग त्यानं लटारूचं पोतं पाहिलं. तिथे सहाच्या सहा लखलखत होत्या, वाण्याच्या दुकानातल्या नव्या मापांसारख्या.

त्याच्या छातीत जे झालं त्याला राग म्हणता येत नाही. रागाला निदान भांडायची हिंमत असते. ‘अठरा वर्सं गाडी चालवली मी, आन् काळा कचरा मले. काल आलेल्याले चांदी.’ त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कागदासकट काळ्या लटारूच्या पोत्यावर सरकवल्या, लखलखत्या आपल्याकडे ओढल्या आणि लगेच बसवायला घेतल्या. नारळ त्यानं सकाळीच आणून ठेवला होता.

लटारू आला. आपल्या पोत्यासमोर उकिडवा बसला. एक पिचकारी उचलून त्यानं कागद उलटसुलट पाहिला. मग रॉकेलचा डबा ओढला आणि एकेक पिचकारी शांतपणे धुऊन काढली.

“काय गा लटारू, लय मळल्या दिसते तुह्या,” सोमाजी पाना फिरवता फिरवता म्हणाला.

“हव, भाऊ.”

“आपल्या नशिबात जे येते थे घ्याव माणसानं.”

“घेऊन राह्यलो ना, भाऊ.”

पत्रू जेवून आला तेव्हा दोन्ही गाड्यांवर पाने फिरत होते. बसलेल्या पिचकाऱ्या वरून सारख्याच दिसतात.

दुसऱ्या दिवशी सागवान भरून लाऱ्या निघाल्या. गुणवंतराव मुद्दाम सोमाजीशेजारी बसले. सोमाजीची छाती फुगली. खांदा नाही तर नाही, सीट तरी. पत्रू लटारूच्या गाडीत होता. नदीचं पात्र ओलांडलं आणि पुढची लारी दरडीला लागली. अर्ध्यावर तिनं काळ्या धुराचा असा लोट सोडला, की आष्टीचे लोक कडब्याची गंजी पेटली म्हणून बाहेर आले. इंजिन गुरगुरलं, थरथरलं आणि बंद पडलं.

“गेअर कोनता टाकला?” गुणवंतरावांनी विचारलं.

“पहिलाच जी.”

“मंग?”

सोमाजीनं ब्रेक दाबून धरला. चाकांमागे दगड लावत लारी खाली घेतली. बाजूनं लटारूची लारी निघाली. तेवढंच सागवान, धूर जेमतेम विडीएवढा, आणि ती दरड चढून वर उभी राहिली. सोमाजीच्या लारीतलं निम्मं लाकूड उतरवलं, तेव्हा ती वर आली.

वर पोचल्यावर गुणवंतरावांनी सगळ्यांसमोर तोंड उघडलं.

“आता सांगतो. नव्या पिचकाऱ्या सोमाजीले देल्ल्या. पुढची गाडी, जुना मानूस. लटारूले त्याच्याच जुन्या धुऊन देल्ल्या. वाईट वाटू नये म्हनून बोललो नाई. आन् जुन्यावर हा पोरगा गाडी वर आनते, नव्यावर तुह्यी खाली राह्यते. सोमाजी, मी काय समजू? पिचकारी नवी हाये, म्हंजे हात जुना झाला.”

पत्रूनं लटारूच्या गाडीकडे पाहिलं, सोमाजीच्या गाडीकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि त्यात विडी धरली. पिचकाऱ्या उघड्यावर टाकून आपण जेवायला गेलो होतो, हे मालकासमोर निघणं त्यालाही परवडणारं नव्हतं.

सोमाजीसमोर दोनच वाटा होत्या. अदलाबदल कबूल करावी, तर हात शाबूत राहतो आणि माणूस चोर ठरतो. गप्प राहावं, तर माणूस सरळ राहतो आणि हात जातो. अठरा वर्षांचा हात.

“डोये दुखून राह्यले जी आजकाल,” तो म्हणाला.

“मंग तू मागं चाल. लटारू पुढं.”

बल्लारशाच्या यार्डात सोमाजीनं लटारूला मालगाडीच्या वाघिणीच्या आड गाठलं.

“पिचकाऱ्या बदलून घेऊ गा. चुकीनं इकडच्या तिकडं झाल्या.”

“चुकीनं?”

“हव.”

“खाणीवर सारं नवं सामान तसंच येत होतं, भाऊ. ग्रीसमंदी, मेणकागदात. मी कागद पाह्यला अन् म्हटलं, भाऊ आपल्या हातानं देऊन राह्यले, नाई कसं म्हनू?”

“तुले मालूम होतं?”

“तुमीच म्हटलं ना, नशिबात येते थे घ्याव.”

“अन् शेटले सांगितलं तर?”

“सांगा ना. मी नाई म्हनत नाई. काय सांगसान थे ठरवा पयले.”

सोमाजीनं ठरवलं नाही. परतताना तो मागे होता. डोक्याला बांधलेला रुमाल त्यानं नाकावर ओढून घेतला.

आता बेरीज. गुणवंतरावांनी पिचकाऱ्यांचे पैसे भरले आणि त्यांना एक जोरदार लारी मिळाली; ती कोणाच्या हाताखाली, याच्याशी त्यांच्या सागवानाला देणंघेणं नव्हतं. पत्रूनं काही भरलं नाही. लटारूनं एक नारळ भरला. सोमाजीनं आपला हात भरला आणि झाकून ठेवलेली चोरी तेवढी शिल्लक घरी आणली. ती त्यानं फक्त सुगंधाबाईला सांगितली. तिथून पुढचे हप्ते तिचे. विहिरीवर बाया विचारायच्या, “काऊन व बाई, तुमचे आता मागं चालते म्हन्ते?” आणि जिनं जन्मात पिचकारी पाहिली नव्हती ती सुगंधाबाई घागर उचलता उचलता म्हणायची, “नव्या पोराले रस्ता दाखवून राह्यले. मागून नजर ठेवा लागते ना.”