पूनमची डावी बाजू

पूनमच्या पोटात पुन्हा गाठ निघाली आणि जयदीपला चाकणच्या कंपनीत सुट्टी मिळेना. म्हणून सुनेबरोबर चिंचवडच्या दवाखान्यात मी गेले. लेकाला जन्म दिला की हीपण ड्युटी आपलीच.

दोन वर्षांपूर्वी तिचं उजवं अंडाशय गाठीसकट काढलं होतं. मूलबाळ झालेलं नव्हतं, म्हणून डावं ठेवलं, गर्भपिशवी ठेवली. उरलेल्या बाजूला पुन्हा गाठ होऊ शकते, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत चला, मूल हवं तर लांबवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. दिवस राहिले नाहीत. गाठ आली.

"कॅन्सर नाही, आजी," या वेळी त्या म्हणाल्या. "पण साधी गाठही नाही. सीमेवरची म्हणा."

"आमच्यात बांधावरचं काय नसतं, बाई. एकतर आमचं, न्हाईतर शेजाऱ्याचं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नुसती गाठ काढून अंडाशय ठेवता येईल. मग परत येण्याचा धोका जास्त. आली तरी बहुतेक वेळा अशीच येते, काढता येते. क्वचित वाईट वळण घेते. सगळंच काढलं तर धोका बराच कमी. पण मग स्वतःचं मूल नाही."

मी थांबलेच नाही. "काढून टाका सगळं. मला नातवंड नको, सून पायजे."

बोलले आणि माझं मलाच भारी वाटलं. आमच्या भावकीत कुठली सासू असं म्हणेल? आता ही रडेल, पाया पडेल, असं धरून बसले.

"आत्या," पूनम म्हणाली, "तुमाला नातवंड नको असंल. मला लेकरू पायजे."

डॉक्टरीणबाई उगाच रिपोर्ट चाळायला लागल्या.

बाहेर बाकड्यावर बसून चहा घेतला. "आन् मेलीस म्हंजे?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही.

"दोन वर्षं देवळात चार बायकांपुढं माझी ओटी भरून घेत होता, तवा मला विचारलं न्हाई. आज काढा म्हणालात, तवाबी न्हाई."

उलट बोलणारी सून मी कधी चालवून घेतली नव्हती. पण भांडायला अंगात ताकद लागते, आणि ती बोलत होती ते खरं होतं.

तेवढ्यात जयदीपचा फोन. "आई, काय ठरलं?"

"तिला विचार." मोबाइल तिच्या हातात देऊन मी लांब जाऊन बसले. कान मात्र तिथंच.

"नुसती गाठ काढायची," ती सांगत होती. "बाकी ठेवायचं. व्हय, परत येईल कदाचित."

फोन ठेवून माझ्याजवळ आली. "ऑपरेशनला तुमीच चला. पुढच्या तपासण्यांनापण. हे आत आले की रडत्यात, मग मलाच त्यांना पाणी पाजावं लागतं."

"बापावर गेलाय," मी म्हणाले. "आन् परत आली तर?"

"तवाबी चला."

दर सहा महिन्यांनी हिच्याबरोबर यायचं, म्हणजे मला अजून किती वर्षं धड राहावं लागणार, कुणास ठाऊक. मी उठले. ऑपरेशनची तारीख घ्यायची राहिली होती.