अकरा मिनिटांनी तो पडतो

मी एक डीव्हीडी बोलतेय, जॉन्सनव्हिलच्या एका बैठ्या घरातल्या टीव्हीखालून. माझ्या पोटात एक जुना वेस्टर्न सिनेमा आहे. वाळवंटातली लष्करी चौकी, विहिरीच्या पाण्यातून पसरलेला ताप आणि ‘ताप नाहीच’ म्हणणाऱ्या कर्नलशी भांडणारा आर्मी डॉक्टर.

माझ्या पहिल्या मालकाच्या मुलीनं मला खोकंभर पुस्तकांबरोबर जुन्या वस्तूंच्या दुकानात टाकलं. तिथे कुणाच्या तरी वापरलेल्या जँडल्सशेजारी, म्हणजे इथल्या रबरी चपलांशेजारी, मी दोन वर्षं काढली. मग मोरेश्वर आले. पुण्याचे, सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. मुलाकडे, गंधारकडे, इथे परदेशात राहायला आलेले. त्यांनी माझं कव्हर वाचलं आणि दुकानातच हसले.

तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर मी. मला पुसायचं तेही त्यांनीच, मऊ रुमालानं, मधून कडेकडे. दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही.

गंधारशी लग्न होऊन सानिका आली, मोरेश्वर ‘बाबा’ झाले आणि प्रेक्षक दोन झाले. ती फार बोलत नाही. चौकीतला एक शिपाई ‘मी ठणठणीत आहे’ म्हणतो, तिथे बाबा सुनेला दरवेळी सांगतात, “त्याचं बोलणं ऐकू नकोस, चेहरा वाच. कपाळावरचा घाम बघ.” अकरा मिनिटांनी तो शिपाई पडतो. मला ठाऊक असतं, बाबांना ठाऊक असतं. कर्नलला तेवढं नसतं.

या घरात कुणी डॉक्टरकडे जात नाही. घरातच आहे ना. गंधारचा खोकला, शेजारच्या प्रमोदिनीताईंचे गुडघे, सगळं बाबांकडे. बाबांचं दुखणं कुणाकडे न्यायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही.

दोन रविवारांपूर्वी त्यांना ॲसिडिटी होती. सानिकानं ओवा दिला. मागच्या रविवारी ते जबडा चोळत होते, दाढ म्हणाले. गंधारला सांगू नकोस, उगाच घाबरतो, असंही म्हणाले. तिनं मान हलवली. नवी सून, दुसरं काय करणार.

आज गंधार ऑकलंडला गेलाय. बाहेर दक्षिण ध्रुवाकडून येणारा बोचरा वारा, घरात हीटर बंद. शिपायाचा प्रसंग आला, तरी बाबा काही बोलले नाहीत. सानिका पडद्याकडे बघतच नव्हती. त्या गारठ्यात बाबांचं कपाळ ओलं होतं. मी फिरत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं.

तिनं रिमोट उचलून मला थांबवलं. मध्येच मला आजवर कुणी थांबवलं नव्हतं. मग तिनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

“सानिका, ठेव तो फोन. डॉक्टर मी आहे.”

“तुम्ही कर्नलसारखं बोलताय, बाबा,” ती म्हणाली, आणि शांतपणे पत्ता सांगू लागली.

‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करत ॲम्ब्युलन्सवाले दोघं आत आले. त्यांनी बाबांच्या छातीला वायरी लावल्या, हृदयाच्या आलेखाची कागदी पट्टी पाहिली आणि लगेच स्ट्रेचर आत आणलं. बाबांनी हात पुढे करून ती पट्टी मागितली, वाचली, आणि स्ट्रेचरवर आडवे झाले. सानिका चपला न घालताच मागे धावली.

आता घरात मी एकटी. रुमाल सोफ्यावर पडलाय. पडद्यावर तो शिपाई अजून उभा आहे. त्याला पडायला नऊ मिनिटं बाकी आहेत.

बाबा येईपर्यंत कृपा करून कुणी बटण दाबू नका.