बसून राहिलेलं मत

"बाबा, ऐका ना माझं, घरीच बसा." लेटिस अगदी काकुळतीला आली होती. "तुमचं मत वेक्सकोम्बकाकांना लिहून दिलंय ना? ते घालतील आपल्या क्रिस्पिनसाठी. तुम्ही सभागृहात पाऊल टाकलंत की ते लिहून दिलेलं रद्द होतं!"

"मला शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बसतोय त्या बाकावर. नातवाच्या जिवाचा प्रश्न आहे आणि मी दुसऱ्याच्या तोंडानं बोलू?"

ऑल्डरमिअरच्या म्हाताऱ्या लॉर्डांचा हेका म्हणजे हेका. एक पाय वातानं भोपळ्यासारखा सुजलेला, जोडा चढेना, तरी टोप चढवून तयार. लेटिसचा पोरगा क्रिस्पिन उत्तरेतल्या बंडात सापडला होता. टॉवरच्या तुरुंगात कुऱ्हाडीची वाट बघत होता. राजाकडे त्याच्यासाठी दयेची विनंती करायची की नाही, ते लॉर्ड लोक आज ठरवणार होते. लेटिसनं शेवटी निमूटपणे बापाच्या पायाला लोकरी कापडाची पट्टी बांधली. दुसरं काय करणार बिचारी!

दोन नोकरांनी खुर्चीतून आणून म्हाताऱ्यांना बाकावर बसवलं. कारकुनानं हजेरीत नाव लिहिलं. झालं, लिहून दिलेलं मत तिथंच मेलं.

भाषणं लांबली. कुणी म्हणे पोर कोवळं आहे, कुणी म्हणे सापाचं पिल्लू आहे. म्हातारे थंडीनं कुडकुडत बसले होते. पायात तर आग पेटली होती. अखेर मतांची वेळ आली. बाहेरच्या माणसांना हाकललं, त्यात म्हाताऱ्यांचे दोन्ही नोकरही गेले. ज्यांना विनंती मान्य त्यांनी उठून कठड्यापलीकडे जायचं, ज्यांना अमान्य त्यांनी बसून राहायचं. रीतच तशी.

वेक्सकोम्ब जवळ आले, हात पुढे केला. "चला, धरा मला."

"मी काय पांगळा आहे? व्हा पुढं, आलोच."

अरे, धरायचा ना हात! पण सगळ्यांदेखत कुणाच्या खांद्यावर लोंबकळत जायचं, हे त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. वेक्सकोम्ब गेले. बाकीचेही गेले. म्हाताऱ्यांनी काठी रोवली, जोर लावला, आणि पाय भुईला टेकताच अशी कळ आली की ते मटकन खाली बसले. पुन्हा जोर लावला. पुन्हा बसले. काठी घरंगळत बाकाखाली गेली.

शेजारी रूकहोपचा तरुण लॉर्ड बसला होता, विनंतीच्या विरुद्ध.

"अहो, जरा हात द्या," म्हातारे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असतील.

रूकहोप आपल्या हातमोज्याची शिवण बघत बसला.

"वेक्सकोम्ब!" म्हाताऱ्यांनी हाक मारली. वेक्सकोम्ब पलीकडून धावले, पण कठड्याशी उभ्या माणसानं त्यांना अडवलं. एकदा पलीकडे गेलेल्यानं मोजणी होईतो परत यायचं नाही.

मोजणारा बाकांवरून काठी फिरवत आला.

"मी त्यांच्यातला आहे हो! माझा नातू आहे तो!"

"माफ करा, लॉर्डसाहेब. बसलेला तो अमान्य. मी तोंडं ऐकत नाही, माणसं मोजतो." त्याचा आवाजही पडला होता. पण काठी म्हाताऱ्यांवरून फिरून पुढच्यावर गेली.

विनंती एका मतानं फेटाळली गेली.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. लेटिस दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण रडणं संपलेलं. तिनं बापाला शेकोटीपाशी बसवलं, जमिनीवर बसून हलक्या हातानं पायाची पट्टी सोडली.

"एवढ्या दुखण्यात गेलात तुम्ही. आणि मी सकाळी नाही नाही ते बोलले. चुकले, बाबा."

म्हाताऱ्यांनी पाय तिच्या हातातून मागे ओढून घेतला.

"एक मत हो! एक माणूस जागचा उठला असता तर माझं लेकरू वाचलं असतं. कोण असेल तो मेला? त्याला कधी सुखाची झोप लागू नये, बाबा. म्हणा ना तुम्हीही."

म्हाताऱ्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला.

"लागू नये," ते म्हणाले.